माझ्या जिवाला असलेला धोका

४ जून

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागच्या अर्धवट राहिल्या, त्याला घरातलं वातावरण कारणीभूत. आता रोज एक पान. सबब चालणार नाही.

आज ऑफिसात सर्क्युलर आलं. सरकारी कार्यालयाच्या आवारात कोणीही, परवाना असला तरीही, बंदूक, पिस्तूल वा अन्य शस्त्र आणू नये. साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून वाचून दाखवलं. वाचताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. याला वचक म्हणतात. अख्ख्या वजनमापे कार्यालयात परवान्याचं पिस्तूल एकट्या माझ्याकडे आहे. म्हणजे राजधानीत बसून बड्या अधिकाऱ्यांनी डोकेफोड केली ती एका हेडक्लार्कसाठी. एरवी आमच्या रजेच्या अर्जाला कोणी उत्तर देत नाही.

बाहेर आल्यावर लंबू म्हणाला, अरेच्चा, तुमच्याकडे पिस्तूल आहे? हा माणूस वर्षानुवर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. माझ्या कमरेला असतं ते त्याला आजवर चष्म्याचं घर वाटत होतं म्हणे. जळतो, दुसरं काय.

५ जून

इतिहासासाठी नोंद करून ठेवतो. पूर्वी मी बाजारात फिरून तराजू तपासायचो. एके दिवशी एका भाजीवाल्याने माझ्या दिशेने अर्ध्या किलोचं लोखंडी वजन भिरकावलं. मी नेमका बुटाची नाडी बांधायला वाकलो म्हणून वाचलो. त्या प्राणघातक हल्ल्याच्या जोरावर परवाना मिळाला. पिस्तूल घेतल्यापासून एकही हल्ला नाही. त्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर पुरे.

पिस्तूल दिवसा कमरेला, रात्री कपाटाच्या वर. इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन. अठ्ठावीस तारखेला टिल्लूला घेऊन महिनाभर राहायला येणार. नातू मागच्या वेळी आला तेव्हा रांगत होता. फार बरं वाटलं. मग म्हणाली, बाबा, ती वस्तू घरात असेल तर मी येणार नाही. टिल्लू आता खुर्चीवर स्टूल ठेवून वर चढतो आणि दिसेल ते उघडतो. मी बायकोला म्हटलं, तिला सांग, तिचा बाप आज हयात आहे तो त्या वस्तूमुळेच. हिने फोनवर सांगितलं, बरं, बाबा बघतील.

म्हणजे ऑफिसात न्यायचं नाही आणि घरात ठेवायचं नाही. इकडे आड तिकडे विहीर. पण घाबरणं माझ्या स्वभावात नाही. झोप लागली नाही ती उकाड्यामुळे.

७ जून

सर्क्युलर बारकाईने वाचलं. बाकीचे नुसतं ऐकतात, मी वाचतो. शेवटी एक ओळ आहे. ज्या कर्मचाऱ्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याला पोलिसांच्या चौकशीनंतर खास परवानगी मिळू शकेल. बस्स. काम झालं.

दुपारी अर्ज लिहायला बसलो. धोका कोणाकडून, असा रकाना आहे. भाजीवाला लिहिलं. पुढे पेन अडलं. जेवणाची सुट्टी गेली, चहा गेला, पेन तिथेच. घरी आल्यावर हिला विचारलं, माझ्या वाइटावर कोण असेल गं? ही म्हणाली, तुमच्या? आणि पालेभाजी निवडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या बाईंना तुमचं सकाळचं खाकरणं आवडत नाही. ते लिहिलं नाही. माझ्या मनात हिच्या भावाचं नाव आलं होतं. मेव्हण्याने आमची शिडी नेली ती नेलीच. पण घरात भांडण नको.

शेवटी लिहिलं, भाजीवाला व अन्य. ‘अन्य’ हा शब्द भारदस्त आहे. त्यात गाव मावतं.

८ जून

संकल्प: यापुढे रस्त्याने जाताना मागे लक्ष ठेवायचं. आज बसस्टॉपपासून एक इसम माझ्या मागे होता. मी थांबलो की तोही थांबायचा. मी गल्ली बदलली, त्यानेही बदलली. मी पावलं मुद्दाम संथ टाकली. आमच्या दारापर्यंत आला. मी बसमध्ये विसरलेली छत्री द्यायला आला होता. हिने त्याला पाणी दिलं.

११ जून

आजचा दिवस महत्त्वाचा. सर्क्युलरप्रमाणे प्रत्येक कार्यालयाच्या दाराशी एक कुलपाचं कपाट हवं. येणाऱ्याने शस्त्र तिथे जमा करायचं, टोकन घ्यायचं, जाताना टोकन देऊन परत न्यायचं. साहेब म्हणाले, ही जबाबदारी कोण घेतंय? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निवड एकमताने झाली. लंबूने तर टाळी वाजवली. कधी नव्हे ते त्याचं मन मोठं झालं.

लगेच डोक्यात प्रकाश पडला. जमा करून घेणारा मी. मग माझं पिस्तूल मी माझ्याकडेच जमा करायचं. किल्ली माझ्या खिशात. ऑफिसात शस्त्र बाळगलं असं होत नाही, घरात ठेवलं असंही होत नाही. दोन पक्षी, दगड एक. स्वतःकडून पिस्तूल घेतलं, स्वतःला पहिलं टोकन दिलं. त्या वेळी उठून उभा राहिलो, कारण पद्धत ती पद्धत.

हिला सांगितलं. ही म्हणाली, देव पावला, आता पोरीला कळवते. मग माझ्या कमरेकडे बघून म्हणाली, पिस्तुलाचं ते रिकामं कातडं कशाला लावलंय? पर्सनॅलिटी हा विषय हिच्या आवाक्यातला नाही. रिकामं रिकामं वाटू नये म्हणून आत चष्मा ठेवला आहे. तेवढ्यापुरताच.

१२ जून

दारावर बोर्ड लावला. मजकूर माझा. सर्क्युलरमध्ये नुसतं ‘शस्त्र’ होतं. मी ‘शस्त्र अथवा ज्याने इजा होऊ शकेल अशी कोणतीही वस्तू’ असं केलं. पळवाट ठेवायची नाही. साहेबांनी न वाचता सही केली. विश्वास लागतो.

वॉचमनला तासभर ट्रेनिंग दिलं. तो फक्त हो म्हणत होता. हुशार आहे.

१५ जून

दिवसभर एकही शस्त्र आलं नाही. टाइपिस्ट बाईंच्या लोकरीच्या सुया जमा करून घेतल्या. त्या बोलत नाहीत माझ्याशी. सुतार आला होता, त्याची पेटी ठेवून घेतली. तो नुसत्या हाताने साहेबांचं दार दुरुस्त करायला गेला आणि नुसत्या हाताने परत आला. दार तसंच आहे. शिस्त लागायला वेळ लागतो.

१६ जून

वॉचमनने शंका काढली. दुकानदार लोखंडी वजनं घेऊन येतात शिक्का मारून घ्यायला. कोणाकडे किलोचं, कोणाकडे पाच किलोचं. डोक्यात बसलं तर माणूस उठायचा नाही. हे इजा करणाऱ्या वस्तूंत धरायचं का?

प्रश्न नाजूक होता. वजनाने इजा होत नाही म्हणावं तर माझ्या अर्जाचा पायाच निघतो. परवाना मिळाला तो वजन फेकल्यावर. पोलीस उद्या चौकशीला येतील आणि इकडे माझ्याच दारातून वजनं खुशाल आत जाताना बघतील. तेव्हा ठामपणे सांगितलं, वजन हे शस्त्रच. सगळी वजनं दाराशी जमा.

निर्णय झटपट घ्यावे लागतात. तो गुण सगळ्यांत नसतो.

१७ जून

नव्या पद्धतीत किरकोळ अडचणी. दुकानदार वजनं दाराशी ठेवून टोकन घेऊन आत जातात. काउंटरवर लंबू बसतो. तो विचारतो, वजनं कुठे आहेत? ते टोकन दाखवतात. लंबू म्हणतो, शिक्का टोकनावर मारू का? मग ते बाहेर येतात, टोकन देऊन वजनं घेतात, पुन्हा आत निघतात, वॉचमन पुन्हा अडवतो. एक धान्याचा व्यापारी सकाळपासून दुपारपर्यंत असा ये-जा करत होता. अखेर पायरीवर बसून राहिला. मी त्याला नियमाचं महत्त्व समजावलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखतो. नोंद केली.

१९ जून

लोक वजनं परत न नेता घरी जाऊ लागले आहेत. कपाट भरत आलं. माझं पिस्तूल सगळ्यात खाली, मागे आहे. तिथे कोणाचा हात पोचणार नाही, माझाही नाही. सुरक्षेच्या दृष्टीने आदर्श.

साहेबांनी विचारलं, या आठवड्यात एकही शिक्का का मारला गेला नाही? लंबूकडे बोट दाखवलं. काउंटर त्याचा आहे.

२० जून

आज दाराशी आरडाओरडा. दुकानदारांचा घोळका. धान्यवाला म्हणाला, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? दुसरा म्हणाला, या माणसाला कोणी बसवलं इथे? तिसऱ्याने मूठ आवळली. मी पाहिली. मागे पिंप होतं त्याच्या आड सरकलो, तिथून सगळं नीट दिसतं म्हणून.

घरी येताना मन हलकं होतं. अर्जातल्या ‘अन्य’ची जागा आता भरली. हिला म्हटलं, माझ्या जिवाला खरंच धोका आहे. ही म्हणाली, चला, एकदाचं मनासारखं झालं, आता जेवून घ्या.

२३ जून

कपाट कोसळलं.

यात माझा दोष नाही. कपाट फायलींसाठी केलेलं होतं, फायलींना वजन नसतं. साडेअकराच्या सुमारास तळाची फळी गेली, मग पाय गेला, मग कपाट वॉचमनच्या स्टुलावर आडवं झालं. वॉचमन चहाला गेला होता म्हणून बचावला. त्याला चहासाठी मी दहादा रागावलो आहे, आता रागावणार नाही.

सगळ्यांची वजनं एकमेकांत मिसळली. ढीग व्हरांड्यात. जो तो मोठं वजन उचलून हे माझं म्हणू लागला. लंबूचं मत पडलं की तपासलं तर निम्मी खोटी निघतील. असतीलही. पण तपासायला आत न्यावी लागतात आणि आत न्यायला बंदी आहे.

साहेबांनी बोर्ड स्वतः काढला. खिळ्यासकट. माझं पिस्तूल ढिगातून निघालं तेव्हा म्हणाले, ही वस्तू उद्यापासून या आवारात दिसता कामा नये. आवाज चढवला नाही. त्यांना मनातून माझी काळजी वाटत असणार.

पिस्तूल घरी. कपाटावर. हिने नुसतं कॅलेंडरकडे पाहिलं.

२५ जून

चौकशीचे हवालदार आले. मध्यमवयीन, गुडघे दुखतात. त्यांना घेऊन बाजारात गेलो. मी जरा लांब उभा राहिलो, साक्षीदारांवर दडपण नको.

आधी धान्यवाला. यांना तुमच्याकडून धोका आहे का, असं हवालदारांनी विचारलं. तो म्हणाला, कोण, ते टोकनवाले? त्यांना कशाला कोण हात लावतंय. त्या दिवशी पिंपाच्या मागे बसले होते, मलाच कसंतरी झालं. बाकीच्यांनीही हेच सांगितलं. एकाने तर मला घरी सोडू का, विचारलं. मूठ आवळणाऱ्याने मूठ उघडून दाखवली. त्या दिवशी त्याच्या बोटाला काडी टोचली होती.

मग भाजीवाला. म्हातारा झालाय. मला बघून त्याला आनंद झाला. वजन फेकल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. म्हणाला, एक बकरी रोज माल खायची, त्या दिवशी रागाने वजनच मारलं तिला. हे साहेब पुढे होते. पटकन वाकले, वाटलं, बकरी हाकलायलाच वाकले. भला माणूस.

हवालदारांनी लिहून घेतलं. मी म्हटलं, बकरी ही पळवाट आहे, तुम्ही खोलात जा. ते म्हणाले, बकरीचा जबाब घेता येणार नाही. चेष्टा करण्याची ही वेळ नव्हती.

भाजीवाल्याने एक जुडी फुकट देऊ केली. लाच समजून नाकारली. ही नंतर जाऊन घेऊन आली.

२७ जून

निकाल. अर्जदाराच्या जिवाला कोणाकडूनही धोका नाही. चौकशीत अर्जदाराविषयी कोणीही वाईट बोललं नाही. सबब परवान्याचं कारण उरलेलं नाही, पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं. मान्य नसल्यास अपील करावं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत पिस्तूल अर्जदाराकडे राहू शकेल.

सरकारी कागदावर लिहून दिलं की माझं कोणी वाईट करणार नाही. लंबू म्हणाला, पार्टी द्या. अपमान कसा करावा, हे त्याच्याकडून शिकावं.

अपील करणार. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. हिला सांगितलं. ही म्हणाली, आणि उद्या? म्हटलं, उद्याचं उद्या. हिने बॅग काढली. बायकांना तत्त्व कळत नाही. सकाळी खाकरताना मुद्दाम आवाज कमी करणार आहे, म्हणजे हिला वाटेल मी नमतं घेतोय.

२८ जून

मुलगी आणि टिल्लू आले. मेव्हण्याकडे उतरले. आमच्याकडून दोन गल्ल्या. हीसुद्धा तिथेच.

मी सहज त्या बाजूला गेलो होतो. आत गेलो नाही, बोलावणं नव्हतं. कुंपणातून टिल्लू दिसला. केवढा झालाय. अंगणात शिडीवर चढला होता. आमचीच शिडी. मी हात हलवला. त्याने मागे वळून पाहिलं, मी कोणाला हात करतोय म्हणून. मला ओळखत नाही तो. कसा ओळखणार.

वाईट वाटलं. लिहून टाकतो, वाईट वाटलं.

३० जून

अपिलाचा मसुदा सुरू. पहिलं वाक्य लिहिलं, माझ्या जिवाला गंभीर धोका आहे. खोडलं. पुन्हा लिहिलं. घरात इतकं शांत आहे की पेनचा आवाज येतो. खालच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, सकाळपासून खाकरला नाहीत, बरे आहात ना? म्हणजे त्याही शत्रू नाहीत. त्यांनी वाटीभर काहीतरी दिलं. खाल्लं.

पिस्तूल काढायला खुर्चीवर स्टूल ठेवून चढलो. शिडी नाही. स्टूल हललं. वर पोचून कपाट धरून उभा राहिलो, तेव्हा मनात आलं, टिल्लू असाच चढत असेल. मग उतरलो.

मेव्हण्याला फोन केला. शिडीबद्दल विचारायला. मागून टिल्लूचं हसणं ऐकू आलं. शिडीचं राहून गेलं.

२ जुलै

अपील रद्द. स्वखुशीने. नाकापेक्षा मोती जड झाला की काढून ठेवावा, हे मी नेहमीच म्हणत आलो.

सकाळी ठाण्यात गेलो. तेच हवालदार. त्यांनी पिस्तूल उलटसुलट केलं, खटका ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला, दोन्ही हातांनी. मग पेनाच्या टोकाने खरवडून बघितलं आणि विचारलं, हे कधी साफ केलंत? म्हटलं, आजवर जपून ठेवलंय, उघडलंसुद्धा नाही. ते म्हणाले, कारखान्यातून भरून दिलेलं ग्रीस तसंच आहे आत. सुकून दगड झालंय. हे कधीच उडालं नसतं. मग काडतुसं मागितली. काडतुसं नंतर घेऊ म्हणून राहूनच गेली होती.

हवालदार हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि चहा मागवला. माणूस म्हणून चांगला आहे.

तिथून सरळ मेव्हण्याकडे. दाराशीच सांगितलं, जमा केलं. मुलीने वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसले. हिने नुसतं, पान वाढलंय, एवढंच म्हटलं. मेव्हणा शिडीचा विषय काढणार होता, मी त्याला थांबवलं.

जेवताना टिल्लू शेजारी येऊन बसला. आधी लांबून बघत होता, मग जवळ सरकला. माझ्या कमरेचं कातडी पाकीट त्याला दिसलं. बटण काढलं, झाकण उघडलं, आत हात घातला. मुलगी दचकून अर्धी उठली. त्याने चष्मा बाहेर काढला, स्वतःच्या नाकावर लावला आणि त्या पाकिटावर बोट ठेवून विचारलं, आजोबा, हे काय आहे?

मी म्हटलं, चष्म्याचं घर.